सुपर ट्वीटरने गाणे अधिक गोड होते का?

गाणी ऐकण्याची हौस असलेल्या घरात आज ना उद्या एक प्रश्न निघतोच. घरी चांगला अ‍ॅम्प्लिफायर आहे, दोन बऱ्यापैकी स्पीकर आहेत, गाणे छान वाजते आहे. तेवढ्यात कोणी जाणकार सांगतो, "या दोन्ही स्पीकरांवर एकेक सुपर ट्वीटर बसवून घ्या, मग बघा आवाज कसा मोकळा होतो ते!" माहितीपत्रकात छापलेले असते की, हा ट्वीटर ४० हजार, क्वचित १ लाख हर्ट्झपर्यंतचा ध्वनी काढतो. मुलगा हट्ट धरतो आणि वडील विचारतात, "अरे, पण एवढे पैसे घालून नेमके वाढणार काय?"

वडिलांचा प्रश्न पैशाचा वाटला तरी तो खरे म्हणजे भौतिकीचा आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी आपण त्याचे तीन छोटे प्रश्न करू. पहिला, एवढ्या उंच कंप्रतेचा ध्वनी मुळात गाण्यात असतो का? दुसरा, असला तर तो आपल्या यंत्रांतून स्पीकरपर्यंत पोचतो का? आणि तिसरा, पोचला तर तो आपल्या कानाला कळतो का? तिन्हींचे उत्तर 'होय' आले तरच सुपर ट्वीटरचा खर्च सार्थकी लागेल. एकाचे जरी उत्तर 'नाही' आले, तरी इतर दोन 'होय' कामाला येणार नाहीत.

वूफर, ट्वीटर आणि सुपर ट्वीटर

वस्तू दर सेकंदाला जितक्या वेळा कंप पावते, त्या संख्येस कंप्रता म्हणतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात तिला वारंवारता म्हटले असेल. तिचे एकक हर्ट्झ. हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला आणि त्याला कंप्रतेने भागले, की तरंगलांबी मिळते. ५० हर्ट्झच्या ढोलासारख्या ध्वनीची तरंगलांबी ६.८ मीटर भरते, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढी. १ किलोहर्ट्झला ती ३४ सेंटिमीटर, २० किलोहर्ट्झला १.७ सेंटिमीटर आणि ४० किलोहर्ट्झला अवघी साडेआठ मिलिमीटर होते.

एवढा मोठा पल्ला एकाच पडद्याला सांभाळता येत नाही. खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून मोठा पडदा हवा. त्याला वूफर म्हणतात. पण मोठा पडदा जड असतो. त्याला सेकंदाला दहा-पंधरा हजार वेळा मागेपुढे हलवणे अवघड जाते. शिवाय तरंगलांबीच्या मानाने पडदा मोठा असला, की ध्वनी चहूकडे न पसरता टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो. म्हणून वरच्या स्वरांसाठी सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचा हलका, घुमटाच्या आकाराचा ट्वीटर वापरतात. कोणत्या कंप्रता कोणाकडे पाठवायच्या, हे ठरवणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात.

चांगला घुमट ट्वीटर २० किलोहर्ट्झपर्यंतचे काम एकटाच करतो. सुपर ट्वीटर त्याच्याही वर जातो. त्यात धातूची अतिशय पातळ फीत, अगदी लहान घुमट किंवा विजेचा दाब देताच आकार बदलणारी पिझो चकती असते. म्हणजे सुपर ट्वीटरची खास मालकी कोणत्या प्रदेशावर? तर २० किलोहर्ट्झच्या वरच्या, ज्याला आपण श्राव्यातीत म्हणतो त्या प्रदेशावर.

पहिला प्रश्न : गाण्यात तेवढे उंच ध्वनी असतात का?

याचे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. पियानोच्या सर्वांत उंच स्वराची कंप्रता सुमारे ४,१८६ हर्ट्झ असते. मग २० हजारांच्या वर काय उरणार? पण कोणतेही वाद्य केवळ मूळ स्वर काढत नाही. त्याबरोबर वरच्या कंप्रतांचे अनेक उपस्वर निघतात. त्यांच्या प्रमाणामुळेच सतार आणि सनई एकाच पट्टीत वाजली तरी आपण दोन्ही वेगळ्या ओळखतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत जेम्स बॉइक यांनी १९९० च्या दशकात वाद्यांच्या ध्वनीची मोजणी केली. व्हायोलिनचे उपस्वर ४० किलोहर्ट्झच्या वर गेलेले आढळले, तोंडाशी बूच लावलेल्या ट्रंपेटचे ८० किलोहर्ट्झपर्यंत आणि पितळी झांजेचा आवाज तर १०० किलोहर्ट्झलाही शिल्लक होता. आपल्या भजनातले टाळ हे त्याच जातीचे वाद्य. धातूवर धातू आपटला की श्राव्यातीत ध्वनी निघतो. किल्ल्यांचा जुडगा हलवला तरी तो निघतो, आणि वटवाघळांचे आवाज टिपणारे यंत्र चालू आहे का, हे पाहण्यासाठी अभ्यासक जुडगाच वाजवून पाहतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाण्याचे सौंदर्य ज्या उपस्वरांवर उभे असते, ते फार खाली असतात. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. त्यांनी प्रामुख्याने पहिल्या पाच उपस्वरांचा विचार केला होता. तबला २८० हर्ट्झच्या आसपास मिळवला, तर पाचवा उपस्वर १,४०० हर्ट्झला येतो. थापेच्या कडकपणात याहून बरेच उंच ध्वनी असतात, परंतु तेही साध्या ट्वीटरच्या आटोक्यात असतात.

दुसरा प्रश्न : तो ध्वनी स्पीकरपर्यंत पोचतो का?

जुना जालना आणि नवीन जालना यांच्यामधून कुंडलिका नदी वाहते. समजा, नदीच्या दोन्ही तीरांवरचे रस्ते दुप्पट रुंद केले, पण पूल होता तेवढाच ठेवला. पलीकडे किती गाड्या पोचतील? पूल जाऊ देईल तेवढ्याच. गायकाच्या कंठापासून आपल्या कानापर्यंतच्या वाटेतही असे अनेक पूल आहेत: मायक्रोफोन, ध्वनिमुद्रण, प्रक्षेपण, अ‍ॅम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर. यांतील सर्वांत अरुंद पूल कोणता ते आधी पाहिले पाहिजे. आपण घरी ज्या ज्या मार्गांनी गाणी ऐकतो, त्यांची मर्यादा साधारण अशी आहे.

१. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. सुमारे १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणात अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटत नसे. विजेवर चालणारे मुद्रण आल्यावर ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांची जुनी गाणी अशा तबकड्यांवर आहेत. त्यांना सुपर ट्वीटर लावला तर गाण्यात भर पडणार नाही, फक्त सुईची खरखर तेवढी ठळक होईल.

२. मध्यम लहरींवरील आकाशवाणी. आपल्याकडे शेजारच्या दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते. त्यामुळे गाण्याच्या वाट्याला जेमतेम साडेचार-पाच किलोहर्ट्झ येतात.

३. एफ.एम. स्टिरिओ प्रक्षेपणात १९ किलोहर्ट्झला एक मार्गदर्शक संकेत पाठवावा लागतो. त्याला धक्का लागू नये म्हणून गाणे १५ किलोहर्ट्झला थांबवतात.

४. कॅसेट. साध्या फितीवर व साध्या यंत्रावर १२ ते १५ किलोहर्ट्झ मिळाले तरी पुष्कळ झाले.

५. एल.पी. तबकडी. हिच्या खाचेत २० किलोहर्ट्झच्या वरचेही काही कोरता येते. परंतु ते बारीक कोरीव काम सुईच्या घासण्याने सर्वांत आधी झिजते.

६. सी.डी. १९८२ मध्ये विक्रीस आलेल्या या तबकडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची नोंद असते. नोंदींच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतच्याच कंप्रता अशा रीतीने साठवता येतात. म्हणून तिची कमाल मर्यादा २२,०५० हर्ट्झ.

७. एम.पी.३. फाइल लहान करण्यासाठी कानाला न कळणारा भाग गाळून टाकतात. सेकंदाला १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे गाळलेले असते.

८. उच्च नोंदींचे मुद्रण. १९९९ नंतर सुपर ऑडिओ सी.डी. आणि सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० नोंदी असलेल्या फाइली आल्या. यांत ४० किलोहर्ट्झ व त्याहूनही वरचे ध्वनी बसतात. जपानमधील ध्वनियंत्र उत्पादकांनी २०१४ पासून अशा सामग्रीसाठी खास चिन्हही ठरवले आहे. ते मिळवायला स्पीकरने ४० किलोहर्ट्झ गाठावे लागतात.

या यादीत सुपर ट्वीटरला खऱ्या अर्थाने काम देणारा मार्ग एकच, तो म्हणजे शेवटचा; फार तर नव्याकोऱ्या एल.पी. तबकडीची त्यात भर घालू. बाकी सर्व मार्गांवर २२ किलोहर्ट्झच्या पलीकडे सुपर ट्वीटर गप्प बसून राहणार. अशा घरात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले आणि चर्चा तेथेच संपली.

पण समजा, एखाद्याकडे उच्च नोंदींच्या फाइली आहेत आणि त्या वाजवणारे यंत्रही आहे. मग पुढे जाऊ.

तिसरा प्रश्न : कानाला कळते का?

स्पीकरपासून कानापर्यंत हवेचा टप्पा असतो. कंप्रता वाढेल तशी हवा ध्वनी अधिक शोषते. साधारण हवामानात ४० किलोहर्ट्झचा ध्वनी दर मीटरला एका डेसिबलहून काहीसा अधिक क्षीण होतो. तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत जाता जाता, पसरण्यामुळे होणारी घट सोडूनही, त्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा हवेतच जिरते. वाटेत पडदा, उशी किंवा माणूस आला तर उरलेलीही अडते.

आता कान पाहू. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातील सुमारे ३५ मिलिमीटर लांबीच्या पडद्यावर रोमपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानात त्या पंधरा हजारांच्या आसपास भरतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी सर्वांत उंच स्वरांना आणि टोकाकडच्या पेशी खालच्या स्वरांना प्रतिसाद देतात. तोंडाशीच पडदा संपतो, म्हणजे आपल्या ऐकण्याची वरची हद्दही तेथेच संपते. लहान वयात ही हद्द २० किलोहर्ट्झच्या जवळ असते. वय वाढते तशी ती खाली सरकते आणि माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांत ती बहुधा १४-१५ किलोहर्ट्झवर आलेली असते.

याचा एक पुरावा एके काळी घराघरांत होता. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेव्हापासून काचेच्या मोठ्या नळीचे दूरदर्शन संच वापरात होते. त्यात एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे असत. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. संचातील एक भाग याच कंप्रतेने कंप पावून बारीक शिट्टीसारखा आवाज करी. आवाज पूर्ण बंद केला तरी शेजारच्या खोलीतील मुलांना संच चालू असल्याचे कळे, आणि आजी-आजोबांना मात्र ती शिट्टी मुळीच ऐकू येत नसे.

मग २० किलोहर्ट्झच्या वर माणसाला काहीच ऐकू येत नाही का? जपानमधील काओरू आशिहारा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचे नेमके उत्तर सापडते. त्यांनी १६ ते ३० किलोहर्ट्झचे शुद्ध स्वर सुमारे ११० डेसिबलपर्यंत मोठे करून ऐकवले. ३२ कानांपैकी ३ कानांना २८ किलोहर्ट्झचाही स्वर कळला. ३० किलोहर्ट्झचा स्वर एकाही कानाला कळला नाही. म्हणजे २० ही काही दगडी भिंत नव्हे. पण लक्षात घ्या, हे घडले कान किटवणाऱ्या पातळीला. गाण्यातील श्राव्यातीत भाग याच्या मानाने अगदी क्षीण असतो आणि त्याच वेळी खालचे मोठे स्वर वाजत असल्याने तो त्यांच्याखाली झाकला जातो.

जपानमध्येच त्सुतोमु ओहाशी यांच्या गटाने २००० मध्ये एक वेगळा निष्कर्ष मांडला. बाली बेटावरील गामेलान हे धातूच्या वाद्यांचे संगीत श्राव्यातीत भागासह ऐकवले, तर श्रोत्यांच्या मेंदूतील विद्युत् तरंगांत बदल दिसतो, असे त्यांना आढळले. केवळ श्राव्यातीत भाग ऐकवला तर तसे घडत नव्हते. ही गोष्ट कुतूहलाची आहे. परंतु इतर प्रयोगशाळांतून तिला निर्विवाद दुजोरा मिळालेला नाही, आणि विज्ञानात एखादी गोष्ट सिद्ध मानायला असा दुजोरा लागतो.

मग फरक का जाणवतो?

येथे कोणी म्हणेल, "तुमचे गणित राहू द्या. आमच्या काकांनी सुपर ट्वीटर लावला आणि साध्या सी.डी.वरही आवाज बदलला. आम्ही स्वतः ऐकला." काका खोटे बोलत नाहीत. आवाज खरोखर बदलला असेल. पण तो श्राव्यातीत ध्वनीमुळे बदलला, हे कशावरून?

सुपर ट्वीटर बहुतेक वेळा एका कपॅसिटरमार्फत जोडतात. ट्वीटरचा रोध ८ ओहम आणि कपॅसिटर १.२ मायक्रोफॅरड असला, तर सुमारे १६ किलोहर्ट्झला कपॅसिटरचा अवरोधही ८ ओहम होतो आणि ट्वीटरला निम्मी शक्ती मिळते. कंप्रता निम्मी केली की कपॅसिटरचा अवरोध दुप्पट होतो. मग ८ किलोहर्ट्झला ट्वीटरला किती शक्ती मिळेल? एक भागिले एक अधिक दोनाचा वर्ग, म्हणजे एक पंचमांश. ४ किलोहर्ट्झला एक भागिले एक अधिक चाराचा वर्ग, म्हणजे एक सतरांश. याचा अर्थ असा की, नावाने 'सुपर' असलेला हा ट्वीटर ८ किलोहर्ट्झलाही बोलतच असतो, आणि हा प्रदेश तर आपल्याला स्वच्छ ऐकू येतो. स्वस्तातले पिझो ट्वीटर कित्येकदा कपॅसिटरशिवायच जोडतात. ते तर चार-पाच हजार हर्ट्झपासूनच वाजू लागतात.

तेव्हा काकांना जे ऐकू आले ते हे: पाच ते पंधरा किलोहर्ट्झमधला आवाज थोडा वाढला. टाळ अधिक खणखणीत झाले, 'स' आणि 'श' अधिक टोकदार झाले. हाच परिणाम अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रेबलचे बटण थोडे फिरवून पुष्कळसा मिळाला असता, आणि त्याला पैसे पडले नसते.

याला एक उलटी बाजूही आहे. जुना आणि नवा ट्वीटर एकाच वेळी १६ किलोहर्ट्झचा ध्वनी काढू लागले, तर त्यांच्या तरंगांची भेट होते. या कंप्रतेची तरंगलांबी सुमारे २.१ सेंटिमीटर. कानापासून दोन्ही ट्वीटरांच्या अंतरात याच्या निम्म्याचा, म्हणजे एका सेंटिमीटरचा फरक पडला की तरंग एकमेकांना खोडून टाकतात. डोके जरा हलवले की पुन्हा जुळतात. अशा रीतीने जोडलेल्या वस्तूमुळे चांगल्या स्पीकरचे संतुलन बिघडूही शकते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. स्पीकरचा पडदा विजेच्या संकेताचे हुबेहूब अनुकरण करत नाही. त्याला २४ आणि २६ किलोहर्ट्झचे दोन संकेत एकदम दिले, तर त्याच्या दोषामुळे दोहोंच्या वजाबाकीचा २ किलोहर्ट्झचा तिसराच ध्वनी उत्पन्न होतो, आणि तो सहज ऐकू येतो. शोगो किर्यू आणि आशिहारा यांनी २००१ मध्ये हे तपासले. निरनिराळे संकेत निरनिराळ्या सहा स्पीकरांतून वाजवून त्यांनी ही भेसळ टाळली, तेव्हा श्राव्यातीत भाग आहे की नाही, हे एकाही श्रोत्याला ओळखता आले नाही.

तिसरे कारण आपल्या मनात आहे. पैसे खर्च केले, नवी वस्तू डोळ्यांसमोर आहे, जाणकाराने आधीच सांगून ठेवले आहे. अशा वेळी मन फरक शोधते आणि त्याला तो सापडतो. हा कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हे. तुमचे-आमचे सर्वांचे मन असेच चालते. म्हणून तर परीक्षा घ्यावी लागते.

पडद्याआडची परीक्षा

ही परीक्षा शाळेच्या विज्ञान मंडळालाही घेता येईल. सुपर ट्वीटर चालू-बंद करणारे एक बटण पडद्यामागे ठेवा. तेथे बसलेल्या मित्राने प्रत्येक वेळी नाणे उडवावे. छापा आला तर सुपर ट्वीटर चालू, काटा आला तर बंद. गाण्याचा तुकडा तोच आणि आवाजाची एकूण पातळी तीच राहिली पाहिजे, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो. श्रोत्याने 'चालू' किंवा 'बंद' एवढेच लिहावे. असे दहा वेळा करून मगच उत्तरे ताडून पाहावी.

नुसत्या अंदाजानेही दहापैकी पाचेक उत्तरे बरोबर येतीलच. दहा उत्तरांचे एकूण प्रकार २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४. त्यांत दहाही बरोबर येण्याचा प्रकार १ आणि नऊ बरोबर येण्याचे प्रकार १०. म्हणजे नशिबाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, सुमारे शेकडा एक. कोणी नऊ उत्तरे बरोबर दिली, तर त्याला फरक कळतो असे मानायला चांगला आधार मिळाला.

अशा मोठ्या परीक्षा झालेल्या आहेत. अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी उच्च नोंदींचे मुद्रण आणि तेच मुद्रण सी.डी.च्या मर्यादेत बसवलेले, असे दोन्ही आळीपाळीने ऐकवले. २००७ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे आली २७६, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मी. लंडनमधील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशाच १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांची बेरीज केली. बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ निघाले, सराव दिलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. या दोन्ही परीक्षा मुद्रणाच्या आहेत, प्रत्यक्ष सुपर ट्वीटरच्या नाहीत. तरी त्यांतून अंदाज येतो. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे की, बहुतेकांना तो नाणे उडवण्याहून फारसा अधिक ओळखता येत नाही.

पैसे आणि कान दोन्ही जपा

तर वडिलांना काय सांगावे? २० किलोहर्ट्झपर्यंत नीट वाजणारा ट्वीटर स्पीकरमध्ये असेल, तर सुपर ट्वीटरने ऐकण्यात खात्रीची सुधारणा होते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. स्पीकरचा मूळ ट्वीटरच निकामी किंवा कमजोर असेल, तर तो बदलावा. त्याचा लाभ नक्की होतो. त्याआधी बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत. ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर आणावा. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण करावा. उघड्या फरशीवर सतरंजी आणि मोकळ्या भिंतीवर जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट आले, की खोलीतील घुमणे कमी होते. एवढ्याने होणारा बदल पडद्याआडच्या परीक्षेतही सहज ओळखता येतो.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. उंच स्वर ऐकणारी खरी सामग्री तुमच्या कानात आहे, आणि ती दुकानात मिळत नाही. रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने पहिला घाव बहुधा ४ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे व्यंजने ओळखण्यास लागणाऱ्या प्रदेशातच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा तज्ज्ञ सांगतात. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी करायची. या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीशेजारी नाचताना हा हिशेब किती लवकर संपतो, ते पाहा. सळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी कानात बोळे घालणे याच कारणाने आवश्यक आहे. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तिच्यामागेही माणसाचे आरोग्य हाच विचार आहे. ज्याने सोळाव्या वर्षीच कानांतील वरचे स्वर गमावले, त्याला साधा ट्वीटरही पुरेपूर उपयोगी पडणार नाही.

करून पाहा

१. मोबाइलमधील स्वर काढणाऱ्या साधनाने, चांगल्या स्पीकरवर, ८ किलोहर्ट्झपासून एकेक किलोहर्ट्झ वर जात घरातील प्रत्येकाच्या ऐकण्याची हद्द शोधा आणि वयाबरोबर तिचा आलेख काढा. आवाज सुरुवातीलाच बेताचा ठेवा. स्वर ऐकू येईनासा झाला म्हणून आवाज वाढवू नका; ऐकू न येणारा मोठा स्वरही कानाला आणि ट्वीटरला अपाय करू शकतो.

२. हवेतील ध्वनीचा वेग = ३३१ + ०.६ × तापमान (सेल्सिअस), असे धरून मे महिन्यातील ४० अंशांच्या दुपारी २० किलोहर्ट्झची तरंगलांबी काढा.

३. वर्गातील २० मुलांनी पडद्याआडची दहा चाचण्यांची परीक्षा दिली आणि कोणालाच काही फरक कळत नाही असे समजा. नुसत्या नशिबाने आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येणारी किती मुले निघतील? (आठ बरोबर येण्याचे प्रकार ४५ आहेत.) अशा एकाच मुलाचा निकाल पुढे करून कोणी सुपर ट्वीटरची जाहिरात केली, तर तुम्ही त्याला कोणता प्रश्न विचाराल?